आमचा चौसष्ट नंबर

आमच्या विद्यापीठाची टीम हरली, ही आता कुणाला बातमी वाटत नाही. ड्रेस्डेनमध्ये अमेरिकन फुटबॉल बघायला येणारे मुळात मूठभर, त्यातले निम्मे खेळाडूंचे आईबाप नाहीतर मैत्रिणी. तरी दर रविवारी त्या ओल्या लाकडी बाकांवर बसून जो तो कोचच्या नावाने बोटं मोडतो. मीही मोडते. दोनदा फसलं की तिसऱ्या वेळी बॉल घेऊन मधूनच घुसायचं, हा टोर्स्टन कोचचा एकुलता एक डाव. तो समोरच्या टीमलाच काय, गेटजवळ ब्राटवुर्स्ट सॉसेज भाजणाऱ्या बाईलासुद्धा पाठ झालाय.

हा खेळ मला समजायला बराच काळ गेला, म्हणून थोडक्यात सांगते. बॉल फेकणारा एक हीरो असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्यासमोर पाच दांडगे हात टेकून वाकलेले असतात, बॉल हलला की उठायचं. ती ओ-लाइन. समोरून चाल करून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं आणि हीरोला वाचवायचं, एवढंच त्यांचं काम. मधला एक सोडला तर कुणाचा बॉलला हातसुद्धा लागत नाही. टाळ्या हीरोला. या पाचांची आठवण लोकांना होते ती फक्त चुकल्यावर. त्यातला डावीकडचा चौसष्ट नंबर म्हणजे आमचा मुलगा, गौरांग.

गौरांग इथेच वाढला. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. लहानपणापासून अंगाने थोराड आणि स्वभावाने बुजरा, त्यामुळे शाळेत कुठल्याच घोळक्यात तो बसला नाही. वाढदिवसाला कुणाला बोलवायचं हा दरवर्षी आमच्यापुढे प्रश्न असायचा. विद्यापीठात गेल्यावर कुणीतरी त्याला या टीममध्ये ओढलं आणि पहिल्यांदाच त्या अंगाचा कुणाला तरी उपयोग झाला. आंघोळ करताना तो शीळ घालायला लागला. टीम जिंकते की हरते याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मला ती शीळ हवी होती.

त्या रविवारीही आम्ही हरत होतो. आमच्यामागे हृषिकेश बसला होता. तो आमच्या ह्यांच्याच चिप फॅक्टरीत इंजिनिअर आहे, मूळचा ठाण्याचा, आणि त्याला मैदानातलं आमच्या कोचपेक्षा जास्त कळतं असं त्याचं स्वतःचं मत आहे.

"अरे डावी साइड बघा ना! सगळं तिथूनच लीक होतंय. प्रत्येक वेळी तोच घोळ!" तो ओरडला. मग समोर आम्ही आहोत हे लक्षात येऊन जीभ चावली. "सॉरी मीनलताई. गौरांगबद्दल नाही बोललो मी."

"नाही नाही, बरोबर आहे तुझं," आमचे हे म्हणाले. "आमचाच गडी ढिला आहे."

मी आतून चडफडले. मी काही जाणकार नाही, पण मी मैदानात दुसऱ्या कुणाकडे बघतच नाही. गौरांगच्या शेजारचा सोनेरी दाढीवाला मुलगा प्रत्येक वेळी उठायला उशीर करायचा. त्याला सावरायला गौरांग बाजूला झुकायचा, आणि तेवढ्यात गौरांगच्या जागेतून कुणीतरी आत घुसायचं. लोकांना दिसायचं ते शेवटचं भोक. "अरे, शेजाऱ्याला कशाला मदत करतोस, आपलं बघ ना," असं मी त्याला एकदा म्हणाले होते. तो म्हणाला, तो मित्र आहे माझा. हे अर्थात जर्मनमध्ये.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. शिरीष पुण्याचे. स्वतःच्या मुलाचं कौतुक चारचौघांत करायचं नाही, आणि घरात तर मुळीच नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. गौरांगला चांगले मार्क मिळाले की "पेपर सोपे असणार." माझ्या सासूबाई लाडवांचं ताट पुढे करताना न चुकता म्हणायच्या, "यंदा जरा बिघडलेत हो." मग पाहुण्याने म्हणायचं, "छे छे, उत्तम झालेत!" एकाने पाडायचं, दुसऱ्याने उचलायचं. दोघांनाही ठाऊक असतं. आणि हेच शिरीष रोज जेवण झालं की मॅचचे व्हिडिओ लावून फक्त चौसष्ट नंबर बघत बसतात. गौरांगची चाहूल लागली की लॅपटॉपवर बातम्या येतात.

मॅच संपल्यावर क्लबहाऊसमागे ग्रिल पेटली होती. हरलो तरी ग्रिल असतेच. पालक कोचला घेरून उभे होते आणि जर्मन माणूस तक्रार करतो तशी, म्हणजे आवाज न चढवता पण मुद्दा न सोडता, तक्रार करत होते. लाइनचं काय करणार? डाव कधी बदलणार? टोर्स्टनची मान लाल झाली होती. सुटका म्हणून की काय, तो आमच्याकडे वळला.

"शिरीष, तुम्ही नेहमी येता. तुम्हाला काय वाटतं, कुठे चुकतंय?"

ह्यांनी हातातली प्लेट खाली ठेवली आणि उत्तम जर्मनमध्ये सांगितलं, "लाइनला कशाला दोष देता? आमचाच मुलगा कमी पडतो. आळशी आहे, लक्ष नसतं त्याचं. आल्झो, म्हणजे माझी काही हरकत नाही. बाहेर बसवा थोडं, अक्कल येईल."

आणि ते थांबले. चेहऱ्यावर अगदी सासूबाईंचं लाडवाचं ताट. आता कोच म्हणणार, छे हो, गुणी मुलगा आहे तुमचा.

टोर्स्टनने त्यांच्याकडे बघून मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "स्वतःच्या मुलाबद्दल इतकं प्रामाणिक बोलणारा बाप मी पहिल्यांदा बघतोय. आभारी आहे." त्याने ह्यांचा हात हातात घेऊन दाबला. भोवतीच्या पालकांनीही माना डोलावल्या. दोषी सापडला होता, आणि डाव बदलायची गरज उरली नव्हती.

श्ट्रासनबानमध्ये, म्हणजे ट्राममध्ये, बसल्यावर मी म्हणाले, "अहो, हे काय बोलून बसलात?"

"अगं, बोलायची पद्धत असते. तो काय खरंच बसवणार आहे?"

त्याने खरंच बसवलं. पुढच्या सरावाहून गौरांग आला तो बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. रविवारी खेळणार नाही, एवढंच म्हणाला. ह्यांचा पारा चढला. "त्या टोर्स्टनला काडीची अक्कल नाही! तुला बसवतो? अरे, त्या दाढीवाल्याला बसव म्हणावं!"

गौरांगने त्यांचं बोलणं संपू दिलं. मग शांतपणे, जर्मनमध्ये, म्हणाला, "कोच म्हणाला, तुझे वडीलच सांगून गेले. सगळ्या टीमसमोर म्हणाला."

मग ह्यांनी समजावायला सुरुवात केली. पद्धत, नम्रपणा, आजीचे लाडू, पाहुण्याने काय म्हणायचं असतं ते. माणूस इतका गयावया करताना मी कधी बघितला नव्हता. म्हणाले, "अरे, ते खरं नव्हतं. मनापासून नव्हतं. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात."

"मी लाडू नाहीये," गौरांग म्हणाला आणि खोलीत गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

रविवारी गौरांगच्या जागी एक नवखा मुलगा उभा होता. दाढीवाला नेहमीसारखा उशिरा उठला आणि यावेळी त्याला सावरायला कुणी झुकलं नाही. पूर्वार्धातच दोन माणसं एकदम क्वार्टरबॅकवर कोसळली. तो पोरगा खांदा धरून गवतावर वळवळत राहिला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. गौरांग बाकावर हेल्मेट मांडीत घेऊन बसला होता. कोचने तरीही तिसऱ्या वेळी बॉल मधूनच पळवला.

"चौसष्ट कुठाय?" हृषिकेश वैतागून म्हणाला. "तो होता तेव्हा निदान माणूस जिवंत तरी राहत होता!"

शिरीष उठले आणि पायऱ्या उतरून थेट कुंपणापाशी गेले. मॅच संपेपर्यंत तिथेच उभे राहिले, मग कोचला गाठलं. मीही मागोमाग पोचले. गौरांग लाइनमधला सगळ्यात चांगला खेळाडू आहे, तो शेजाऱ्याची चूक झाकतो म्हणून तोच चुकलेला दिसतो, माझ्याकडे व्हिडिओ आहेत, घरी येऊन बघा, असं सगळं हे एका दमात बोलून गेले.

टोर्स्टन दमलेला होता. वाईट माणूस नाही तो, खरं सांगायचं तर. म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही उलट सांगितलंत. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

लाडवांची गोष्ट इथे कोण ऐकणार?

गौरांग परत सरावाला गेला नाही. न्युरेम्बर्गला एका कंपनीत प्राक्टिकुम, म्हणजे इंटर्नशिप, मिळत होतं, आधी नको म्हणाला होता, ते त्याने घेतलं. जायच्या आदल्या संध्याकाळी तो जर्सी घडी करून पिशवीत घालत होता, क्लबला परत करायला. मी पोळ्या लाटत होते. शिरीष बराच वेळ दारात घुटमळत होते. मग आत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले,

"गौरांग, तू फार चांगला खेळतोस. मी सगळ्या मॅच पुन्हा पुन्हा बघितल्यात. तुझ्यासारखा त्या टीममध्ये एकही नाही. मला अभिमान आहे तुझा."

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. माझं लाटणं थांबलं. वाटलं, आता हा पोरगा उठेल, बापाच्या गळ्यात पडेल आणि सगळं निभावून जाईल.

गौरांगने जर्सीची घडी पुरी केली. रागावलेला दिसत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. कधी नव्हे तो मराठीत, एकेक शब्द जुळवत, त्याने विचारलं,

"बाबा, हे खरं आहे, की हे पण म्हणायचं म्हणून?"

"खरं आहे रे," शिरीष म्हणाले. "अगदी खरं."

"ओके," तो म्हणाला आणि पिशवीची चेन लावली. त्याचा विश्वास बसला नव्हता, हे आम्हा दोघांनाही दिसलं. तव्यावरची पोळी जळली होती.