घाटाची सत्तावीस कार्डं

मित्रांनो, सत्तावीस कार्डांचा एक जुना गठ्ठा आहे मी. पत्त्यांसारखं मला पिसू नका. माझ्यात क्रमाला फार किंमत आहे. माझी कार्डं लांबट, जाड कागदाची, बारीक चौकोनी भोकं पाडलेली. ती भोकं कॉम्प्युटर वाचत असे. एक कार्ड म्हणजे त्याला दिलेला एक हुकूम. माझ्या वरच्या कडेवर पेन्सिलीची तिरकी रेघ आहे. कार्डं हातातून सांडली, तर ती रेघ पुन्हा अखंड दिसेपर्यंत लावायची. ही पुंजाराम पगारे यांची युक्ती.

पुंजाराम नाशिक रोडला, बस चालवणाऱ्या एका संस्थेच्या कार्यशाळेत कारकून होते. कोणत्या गाडीचे ब्रेक केव्हा उघडून तपासायचे, याची यादी काढणारा प्रोग्रॅम मुंबईच्या मुख्य कार्यालयाने लिहिला होता. दर तीन महिन्यांनी त्याची सुधारलेली, दोन हजार कार्डांची प्रत पेट्यांतून येई. नाशिकला संस्थेचा स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. सातपूरच्या एका कारखान्यातला दर शनिवारी तीन तास भाड्याने मिळे.

मुंबईच्या प्रोग्रॅमला सगळे रस्ते सारखे. बारा हजार किलोमीटर झाले की तपासणी; मग गाडी निफाडला जावो, नाहीतर सप्तशृंगीच्या घाटात. फिटर फकिरा मात्र पुंजारामांना म्हणायचा, "पगारे, घाटाच्या गाडीच्या ब्रेकचं लायनर सहा हजारातच घासून खलास होतं. तुमच्या यंत्राला एकदा गडावर नेऊन आणा."

पुंजारामांनी मुंबईला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग १९७६ साली त्यांनी सत्तावीस ओळी लिहिल्या, कार्यशाळेतल्या लताबाईंनी भोकं पाडून त्यांची कार्डं केली आणि मी जन्मलो. गाडी घाटाची असेल तर सहा हजारांवरच तिचं नाव यादीत घाल, एवढंच मी सांगत असे. विभागांनी प्रोग्रॅममध्ये फेरफार करू नयेत, असं परिपत्रक होतं. कार्यशाळेच्या साहेबांनी ते वाचलं, फाइलला लावलं आणि माझ्याविषयी कधी काही विचारलं नाही.

मला मुंबईच्या कार्डांमध्ये एका नेमक्या जागी खोचत; मुंबईची प्रत बदलली की माझी ती जागाही बदले. ती शोधायची एकच रीत होती. लताबाई जुन्या प्रतीचा छापील कागद मोठ्याने वाचत आणि पुंजाराम नव्या कागदावर प्रत्येक ओळीला टिंब देत. दोन हजार ओळी, दोन दिवस, घसा कोरडा.

"पोथी लावायची का?" लताबाई विचारत.

"लावा. पण कालच्यासारखा अध्याय गाळू नका."

"मी गाळला? तुम्हालाच डुलकी लागली होती."

सहा वर्षं हे असंच चाललं. घाटाची एकही तपासणी चुकली नाही. फकिरा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा बिस्किटाचा डबा दाखवून म्हणे, "ह्यात आमचा गड हाय." मला तेव्हा थोडा गर्वही झाला असेल.

१९८२ च्या चैत्रात, गडाची यात्रा तोंडावर असताना नवी प्रत आली. सोबत सहीशिक्क्याचं पत्र होतं: यादीच्या शीर्षकासाठी सहा कार्डं वाढवली आहेत, अन्य बदल नाही.

"तरी वाचून घेऊ या," लताबाई म्हणाल्या.

"यात्रेच्या जादा गाड्यांचं काम पडलंय. सहा कार्डं वाढली, तर आपण सहाने पुढे सरकायचं. लिहून दिलंय ना त्यांनी."

पुंजारामांनी मला सहा कार्डं पुढे बसवलं. यंत्राने तक्रार केली नाही. यादी सुबक छापून आली. पण गाडी यादीत घ्यायची की नाही, हे ठरवण्याचं काम मुंबईने पत्रात न कळवता बरंच आधी आणलं होतं. माझी पाळी आली तेव्हा ठरायचं ते ठरून गेलं होतं. मी बोललो, पण ऐकायला कुणी नव्हतं.

सोमवारी साडेनऊला फकिरा चहाचा पेला घेऊन आला. "पगारे, घाटाच्या गाड्यांना सुट्टी दिली का? एक पण नाय यादीत."

पुंजारामांनी यादी ओढली. एकदा पाहिली, पुन्हा पाहिली. मग रजिस्टर उघडलं. सहा हजार ओलांडलेली घाटाची एकच गाडी बाहेर होती: ड्रायव्हर मल्हारीची, सात हजारांवर. ती आठ वाजता यात्रेकरू भरून निघाली होती. दहाला वणी, तिथून नांदुरी, पुढे घाट.

ते साहेबांच्या खोलीत गेले. मी त्यांच्या हातात होतो, डब्यासकट.

"गाडी अडवायला हवी. वणीला ट्रंक कॉल लावतो."

"कारण काय सांगणार? मुंबईच्या यादीप्रमाणे गाडी ठीक आहे," साहेब म्हणाले. "ही कार्डं बाहेर आली, तर चौकशी तुमची होईल. मी सही केलेली नाही."

"कारण माझी चूक. तसंच सांगतो."

पुंजारामांनी एक्स्चेंजकडे अर्जंट कॉल मागितला. फोनशेजारी मला ठेवलं होतं. घड्याळात दहा वाजले, वर पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुंजाराम बसले नाहीत. सव्वादहाला घंटी वाजली. पलीकडे वणीच्या थांब्यावरचा भिका होता.

"मल्हारीची गाडी सोडू नका."

"गेली की ती. आत्ताच."

"भिकाभाऊ, तिचे ब्रेक तपासलेले नाहीत. ती घाट चढता कामा नये."

"नांदुरीला थांबती ती, पण लय येळ नाय. बघतो, कुनाची जीप मिळती का." आणि फोन बंद झाला.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. लताबाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. त्याला कुणी हात लावला नाही. साहेब दारापर्यंत येऊन परत गेले. फकिरा हत्यारांची पिशवी घेऊन जीपमध्ये बसायला तयार उभा होता. पुंजाराम यादीच्या कोऱ्या पाठीवर बोट फिरवत राहिले.

घंटी वाजली. नांदुरीच्या पोस्टातून मल्हारी बोलत होता.

"पगारे, काय लावलंय हे? ऐंशी मानसं रस्त्यावर बसलीत. म्हाताऱ्या मला शिव्या घालतायत."

"गाडी कुठे आहे?"

"पायथ्याशी. भिकाची जीप आली, मग चाक उघडलं. लायनर कागदासारखं झालंय. खिळे दिसतायत. वर गेलो असतो पगारे, उतरलो नसतो."

पुंजारामांनी फोन ठेवला आणि मग ते खाली बसले.

त्याच दिवशी त्यांनी मुंबईला तिसरं पत्र लिहिलं. माझ्या सत्तावीसही ओळी त्याला जोडल्या, स्वतःची चूक लिहिली आणि खाली एकट्याने सही केली. चौकशी झाली. नोकरीच्या कागदांवर ताकीद चढली, एक बढती हुकली. त्यांनी त्याबद्दल घरीदारी चकार शब्द काढला नाही. मात्र त्यानंतर कितीही घाई असो, प्रत वाचल्याशिवाय ते सातपूरला गेले नाहीत.

पुढच्या वर्षी अशाच एकदा नव्या पेट्या आल्या. लताबाईंच्या हातात आता नवा कागद होता, पुंजारामांच्या हातात जुना. वाचता वाचता त्या अडखळल्या.

"ही ओळ जुन्यात आहे का?"

"नाही. वाचा."

त्यांनी वाचली. पुढची वाचली. घाटाची गाडी, सहा हजार किलोमीटर. माझेच शब्द होते, पण आता मुंबईच्या प्रतीत, सगळ्या विभागांच्या सगळ्या घाटांसाठी.

"पगारे, ही तर आपली..."

"पुढे वाचा. अजून हजार ओळी आहेत."

दोघांनी शेवटपर्यंत वाचलं. त्या शनिवारी पुंजारामांनी मला डब्यातच ठेवलं, आणि यादीत घाटाच्या सगळ्या गाड्या आल्या.

मित्रांनो, पुंजाराम गेल्या पौषात वारले. मी आता त्यांच्या मुलीकडे असतो. माझा कुणाला उपयोग नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. एक मागणं मात्र आहे. दुसऱ्याने तयार केलेल्या कामावर तुमचं काम उभं असेल, तर तिकडे काय बदललं ते दर वेळी स्वतः वाचा, ओळीन् ओळ. सोबतच्या पत्रावर कितीही मोठी सही असू दे. तुमच्या भरवशावर कुणीतरी त्या वेळी घाट उतरत असतं.