कुशाबाईंचा फ्रीज

फ्रीजच्या दाराला कान लावून उभे असताना कुंडलिकरावांना लेकीचं पत्र पुन्हा आठवलं. संक्रांतीला आलेलं, उत्तर अजून गेलं नव्हतं. फोनवर ते नुसतं हूं-हूं करत, म्हणून अक्षदा पत्रच लिही.

‘आबा, आईचा फ्रीज भंगारात देऊ नका. त्यातला जुना गॅस सुटला की आभाळात जातो, शंभर-शंभर वर्षं राहतो, ऊन गाळणारा ओझोनचा थर खातो. मग तेच ऊन माणसांच्या कातडीत, डोळ्यांत उतरतं. पुण्याहून माणूस पाठवते, तो गॅस बाटलीत भरून नेईल. फक्त कळवा.’

कळवायचं म्हणजे गॅसबरोबर फ्रीजही जाणार. कुशाबाई गेल्यापासून मोटर घुरघुरली की ती आत ताकाचं पातेलं सरकवतेय असं वाटे. जन्मभर उन्हात कांदे काढून तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. शेवटी शेवटी ती ह्याच गार पत्र्यावर पापण्या टेकवून उभी राहायची.

शेजारचा गोरख दारात आला.

“आबा, गाणं लागलंय का त्यात? भंगारवाला आलाय. पाइप तोडून तांबं काढतो म्हणतोय.”

“न्हाई. पुण्याचा माणूस येनार हाय.”

“कवा?”

“आजच कळवतो.”

“संक्रांतीपासनं आजच कळवताय राव तुमी.”

ह्या वेळी मात्र त्यांनी खरंच कार्ड लिहिलं: माणूस पाठव. मग वाटलं, परक्यापुढे तिची वस्तू अशी कशी ठेवायची? पत्रा पुसला. वरच्या कप्प्यात बर्फाचा थर साचला होता. कुशाबाई फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू देई. चाकू दिसला तरी ओरडे. त्यांना तेवढा धीर निघेना. त्यांनी चाकू घातला.

बर्फ तडकला. पाठोपाठ चाकूनं भोक पडलेल्या कप्प्याच्या पत्र्यातून बारीक, लांब सुस्कारा निघाला.

त्यांनी छिद्रावर तळवा दाबला. गारठ्यानं हात बधिर झाला.

“थांब,” ते म्हणाले. “थांब गं जरा.”

“कुनाशी बोलताय, आबा?” भिंतीपलीकडून गोरखनं विचारलं.

बोटांच्या फटींतून तो श्वास निघून गेला. मोटर घुरघुरतच राहिली. पत्रा हळूहळू कोमट झाला.

कुंडलिकराव अंगणात आले. वर निरभ्र होतं. त्यांना फार वेळ वर बघवेना.

पहिलं कार्ड फाडून त्यांनी दुसरं लिहिलं: ‘अक्षदा, माणूस पाठवू नको. गॅस माझ्या हातून सुटला. उन्हात डोळे जप.’

राजुरीच्या पोस्टापर्यंत ते भर उन्हात, टोपी न घालता चालत गेले आणि कार्ड पेटीत टाकलं.