आवाज माझाच होता

त्या सकाळी योगवर्गात जो ‘कट्ट’ असा आवाज झाला, तो माझाच होता. मी उजवा गुडघा. वय वर्षं बाहत्तर, मालकांचं आहे तेवढंच.

लहानपणी रांगताना, पडताना पहिला मार मला बसायचा. पुढे मालक शिकतच राहिले. एक पदवी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली आणि तिन्ही वेळा मी टेबलाखाली काटकोनात अडकून होतो. मग नोकरी लागली ती पुलांच्या तपासणीची. पुलाखाली उकिडवं बसायचं, हातोडीनं काँक्रीट ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. भरीव आवाज आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर खडूची खूण करायची. पस्तीस वर्षं मी त्या उकिडवं बसण्याला साथ दिली.

एकदा एका पुलाखाली त्यांना बारीकशी करकर ऐकू आली. वाऱ्याची असेल, म्हणून त्यांनी ती सोडून दिली. तीन वर्षांनी तो पूल घाईघाईनं बंद करावा लागला. कुणाला इजा झाली नाही, कुणी बोटही दाखवलं नाही. पण तेव्हापासून या माणसानं एकाही आवाजाला माफ केलेलं नाही. फ्रिज गुरगुरला तरी ते जेवण सोडून उठतात.

निवृत्तीनंतर बाईंचा खांदा आखडला. बाई म्हणजे मालकांच्या पत्नी. त्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये योगवर्गाला जाऊ लागल्या आणि यांनाही ओढून नेऊ लागल्या. चार महिने बरे गेले. मग एके दिवशी वज्रासनातून उठताना मी वाजलो. असा वाजलो की पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघू लागल्या.

“काका, दुखलं का?” शिक्षिकेनं विचारलं.

“नाही.”

“मग काळजी नको. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडे होतात, त्यांचा आवाज येतो. दुखलं, सुजलं किंवा अडकलं तर मात्र लगेच सांगा.”

मालकांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, असा त्याचा अर्थ नव्हता. उत्तर इतकं तयार कसं, याचाच त्यांना संशय आला. हाडांच्या डॉक्टरांनी मला दाबून पाहिलं, फोटो काढला, वयाच्या मानानं छान आहे, व्यायाम चालू ठेवा म्हणाले. पण हे सांगताना डॉक्टरांची नजर बाईंकडे होती आणि मालकांनी ती नेमकी टिपली.

जिना चढताना त्यांनी विचारलंच, “तुला वेगळं काय सांगितलं त्यांनी?”

“मला? यांना कमी बोलायला लावा म्हणाले.”

जिन्याचं सांगायचं राहिलं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मालकांची खरी भीती तीच. मी गेलो की जिना गेला, जिना गेला की घर गेलं, मग मुलाच्या घरी जायचं. मुलगा प्रेमळ आहे. पण तिथं आपल्या वाट्याला एक कपाट येईल आणि त्यातलाही वरचा खण सूनबाईंकडे राहील, असा त्यांचा हिशेब.

म्हणून त्यांनी कचेरीतली रीत काढली. भिंतीला तडा गेला की त्यावर काचेची पट्टी चिकटवतात. पट्टी फुटली तर तडा अजून वाढतोय. काच मला परवडणार नव्हती, म्हणून माझ्यावर कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि वाहतूक बंद केली. वर्ग बंद. जिना दिवसातून एकदा, तोही पाय ताठ ठेवून. बसायला उंच खुर्ची. वहीत रोज एक ओळ पडायची, ‘आवाज नाही.’

सहा आठवडे पट्टी शाबूत राहिली. मालक खूश होते. मी आतून लाकूड होत चाललो होतो. वाकवलंच नाही तर वाजणार कुठून? आता संशय मला येऊ लागला. हा माणूस मला जपतोय, की माझ्यावाचून राहायची सवय करतोय?

एके सकाळी त्यांचा चष्मा पलंगाखाली सरकला. बाई वर्गाला गेल्या होत्या. ते खाली वाकले आणि मी अर्ध्यावरच अडलो. ना पुढे, ना मागे. कट्ट नाही, करकर नाही. पण दुखलं, चांगलंच दुखलं. पलंगाची कड धरून ते कसेबसे वर आले आणि वही उघडून बसले. वहीत रकाना होता आवाजाचा. दुखण्याचा नव्हताच.

बाई आल्या तेव्हा ते तसेच बसलेले होते. काय झालं, हे त्यांनी न विचारता ओळखलं. आधी चष्मा काढून दिला, मग हात वर करून फळीवरचा डबा घेतला. खांदा खटकन वाजला. त्यांनी लक्षही दिलं नाही.

“अहो, एक सांगा. पूल बंद ठेवला तर त्याचे सांधे हलते राहतात का?”

मालकांनी वही मिटली. त्यांच्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण कामाबद्दल ते खोटं बोलत नाहीत.

“नाही राहत. जाम होतात. मग तडा पुलालाच जातो. मीच लिहिलंय अहवालात.”

“मग?”

“अगं, पण एकदा मी एक आवाज सोडून दिला होता.”

“सोडून द्या म्हणतंय कोण? रोज तपासा. पण चालू ठेवून तपासा.”

पट्टी मालकांनीच ओढून काढली. केस उपटले गेले, त्याचं मालकांना दुखलं, आणि बाई हसल्या.

आता तीन आठवडे झाले, आम्ही पुन्हा वर्गाला जातो. भिंतीलगत, घडी केलेल्या दोन चादरींवर बसतो. वज्रासनात टाच बैठकीपासून अजून चार बोटं दूर राहते. काल मी पुन्हा वाजलो. मालक थबकले, माझ्यावर तळवा ठेवला आणि पहिल्यांदाच मला विचारलं, “दुखतंय का?” दुखत नव्हतं. मग ते सावकाश आणखी थोडे खाली गेले.

मी निर्दोष आहे, अशी शपथ मी घेणार नाही. माझ्यात बुडबुडा किती आणि झीज किती, हे माझं मलाही कळत नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा, असंही म्हणणं नाही. मालक, संशय हवा तर बरोबर घेऊन या. पण उद्या सकाळी वर्गाला या.