मीठगडचा लोहार

वेन्सीने सुळ्याच्या जागी दाढ रोवली आणि अंगठ्याने दाबून पक्कीही केली. डोळे मात्र मेण वितळवायच्या दिव्याशेजारी टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर होते. दोन वाजून दहा मिनिटं. बरोबर दोन-दहाला, काल आणि परवा उगवली तशीच, ती हिरवी ओळ उगवली: ‘ओगी आत्ता खेळतोय – मीठगड, भाग तिसरा.’

“ही कवळी माणसाचीच आहे ना रे?” शेजारच्या टेबलावरून मिस डेलियांनी चष्मा नाकावर खाली ओढला. इलोइलोमधल्या हारो भागातल्या या दातांच्या लॅबमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली होती. दात बघून माणूस ओळखायच्या, आणि चेहरा बघून दुखणं.

वेन्सीने खाली पाहिलं. “कप्तानांची आहे. आपल्या बारांगायच्या, या वस्तीच्या.”

“मग राहू दे. त्यांना एक दाढ जास्त लागेलच. निवडणूक जवळ आलीय.”

वेन्सीला हसू आलं नाही. त्याने चिमट्याने दाढ उपटली. उपटताना ती जणू ओगीच्याच तोंडातून उपटतोय असं त्याला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

“बायकोवर संशय आलाय का?” मिस डेलियांनी आवाज खाली आणला. “पंधरा दिवस बघतेय. दोन वाजले की तू फोनकडे असा बघतोस, माझा नवरा त्या मासळीवालीकडे जायचा तेव्हा मी घड्याळाकडे बघायचे तसा.”

“बायकोवर नाही.”

“मग?”

“ओगीवर.”

मिस डेलियांनी चष्मा पूर्ण काढला. त्या दिवसापासून त्या वेन्सीशी फार हळुवार वागायला लागल्या. तो खुलासा करायला गेला असता तर गोष्ट आणखी बिघडली असती.

ओगी त्याचा ‘पारे’. म्हणजे ओगीच्या मुलीच्या, जोरिलच्या बाप्तिस्म्याला वेन्सी धर्मपिता म्हणून उभा राहिला, तेव्हापासून दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारणं सोडलं. पण खरं नातं त्याच्या कितीतरी आधीचं, पिसोनेटच्या बाकड्यावरचं. एक पेसोचं नाणं टाकलं की पाच मिनिटं चालणाऱ्या त्या कॉम्प्युटरच्या पेट्यांवर दोघांनी मीठगडचा पहिला भाग खेळून संपवला होता. वेन्सी लोहार आणि ओगी चेटकीण. झुपकेदार मिशा असलेला ओगी चेटकीणच का घेतो, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “लोहाराला सगळे मारतात. चेटकिणीला आधी विचारतात.” ऐन लढाईत नाणी संपायची आणि राक्षसी खेकडा नांगी उगारलेलाच अडकून राहायचा. दोघं मग कोपऱ्यावरच्या दुकानात एक वाटी बाचोय, म्हणजे शेवयांचं गरम सूप, दोन चमच्यांनी खायचे आणि उद्याची लढाई ठरवायचे.

दुसऱ्या भागाच्या शेवटी लोहाराने झुलत्या पुलाचं लोखंडी दार खांद्यावर तोलून धरलं. चेटकीण निसटली, दार पडलं, लोहार आतच राहिला. तिथेच खेळ संपला. त्या संध्याकाळी वेन्सी जेवला नव्हता. ही अकरा वर्षांपूर्वीची, जोरिलच्या बाप्तिस्म्याच्या आठवड्यातली गोष्ट. बाप्तिस्म्याच्या जेवणात, डुकराच्या भाजलेल्या कुरकुरीत कातडीवर हात ठेवून दोघांनी शब्द दिला होता: तिसरा भाग येईल तेव्हा पहिलं बटण दोघांनी मिळून दाबायचं.

तिसरा भाग या वर्षी आला. लोहार गडाच्या एका टोकाला, चेटकीण दुसऱ्या. अर्धा खेळ दोघांनी एकमेकांकडे वाट काढत यायचं आणि पुलावर भेटायचं. हे वाचताना वेन्सीच्या हातातल्या कवळीवर एक थेंब पडला. तो घामाचा होता असं तो सांगतो.

किंमत मात्र अशी की ती ऐकून लोहार आतच बरा असं वाटावं. “थांबू या, पारे,” वेन्सी म्हणाला. “नऊ-नऊला उतरेल.”

तारीख आणि महिना जुळले की दुकानांना सवलतीचा झटका येतो. नऊ-नऊ, दहा-दहा, अकरा-अकरा. नऊ-नऊला मीठगड उतरला नाही. दहा-दहाला उतरला, पण किंचित. त्याच्याच शेजारी मात्र अकरा गेमचा गठ्ठा नव्वद टक्के सवलतीत लाल अक्षरांत उड्या मारत होता. त्यात बर्फात बस चालवायचा एक गेम होता, एक डोंगरावर शेळ्या राखायचा, आणि एक असा की तो कशाचा हे वेन्सीला आजही कळलेलं नाही. नव्वद टक्के! न घेणं म्हणजे नुकसानच की. घेतला. मीठगडसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. अकरा-अकराला पुन्हा तेच, फक्त या वेळी गठ्ठा सात गेमचा. आता आधीचे धरून त्याच्याकडे एकही दिवस न उघडलेले एकशे बारा गेम होते. दर वेळी तो ओगीला सांगायचा, “पुरेसा उतरला नाही रे. पुढच्या महिन्यात.”

ओगीने तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा विचारलं नाही. आणि मग ती हिरवी ओळ उगवली.

ओगी शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी पोरं पोचवली की तीनपर्यंत मोकळा. वेन्सी शनिवारी त्याच्याकडे गेला तेव्हा तो व्हॅनच्या सीटमधून वाळलेला भात खरवडून काढत होता.

“काय चाललंय, पारे?” वेन्सीने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

“काय चालणार. गुडघे दुखतात.”

“दुपारी काय करतोस?”

“पडतो जरा.”

“पडतोस?”

“पडतो.”

वेन्सीने त्याच्या हाताकडे पाहिलं. डाव्या अंगठ्याला घट्टा पडला होता, ताजा, लालबुंद. पडून राहणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला घट्टा पडत नाही. इलोइलोची माणसं भांडतानासुद्धा अंगाईच्या सुरात भांडतात. वेन्सी त्याच सुरात म्हणाला, “अंगठ्याला जप हो, पारे,” आणि निघाला. रस्ताभर त्याच्या मनात एकच प्रश्न होता. मीठगड एकट्याने खेळता येत नाही. मग लोहार कोण?

ओगीच्या गल्लीतला प्रत्येक माणूस त्याने मनात उभा करून पाहिला. तो जाडा केशकर्तनवाला? त्याला कंट्रोलर धरता यायचा नाही. चर्चमधला गिटारवाला? तो शक्य होता. वेन्सीला तो आधीपासूनच आवडत नव्हता. त्या रविवारी प्रार्थनेत तो गिटारवाल्याच्या बोटांकडे इतकं टक लावून बघत राहिला की शेवटी त्या बिचाऱ्याचा सूर चुकला.

घरी आला तर सासूबाई, नानाय कोरिंग, स्वयंपाकघराच्या दारात उभ्याच. जावयाला त्या ‘तोतो’ म्हणायच्या, म्हणजे पोरा.

“तोतो, किती वेळा सांगू, ही खालची कवळी उचलते रे.”

ती कवळी वेन्सीने स्वतः केली होती, फुकट आणि मन लावून. “कधी उचलते? जेवताना?”

“नाही. ओरडताना.”

“ओरडताना? तुम्ही कुठे ओरडता, नानाय?”

नानाय कोरिंग रोज दुपारी दीड वाजता नोव्हेनाला जायच्या. नऊ दिवसांची प्रार्थना. तिचा सध्या बहुतेक पंधरावा दिवस चालू होता, पण संतांचा हिशेब विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

“भजनं मोठ्याने म्हणायला लागतात,” त्या म्हणाल्या. “देव म्हातारा झालाय.”

“आणि हाताला पट्टी कसली?”

“रोझरीचे मणी ओढून ओढून.”

कवळी बघायला वेन्सीला त्या दिवशी डोकं नव्हतं. “बघतो नंतर,” म्हणून तो गिटारवाल्याचा विचार करायला आत गेला.

बारा-बाराचा दिवस उजाडला. आदल्याच दिवशी डिसेंबरातला जादा, तेरावा पगार हातात आला होता. बायकोने, मार्लिनने, ख्रिसमसच्या हॅमचे, नारिंगांचे आणि धर्ममुलांच्या भेटीच्या पाकिटांचे पैसे काढून घेतले आणि उरलेले त्याच्या तळहातावर ठेवून ती म्हणाली, “एकच. आणि शेळ्यांचा नाही.”

मीठगड साठ टक्के उतरला होता. शेजारी पंचवीस गेमचा गठ्ठा पंचाण्णव टक्क्यांनी उतरून वेन्सीकडे बघत होता. वेन्सीच्या कपाळावर घाम आला. बोट गठ्ठ्याकडे गेलं, थांबलं, परत आलं. मिस डेलिया पलीकडून बघत होत्या. त्यांना वाटलं, माणूस कुणाला तरी शेवटचं पत्र पाठवतोय. “पाठव,” त्या हळूच म्हणाल्या. “मन मोकळं होतं.” आणि वेन्सीने आयुष्यात पहिल्यांदा गठ्ठा सोडून एकच गोष्ट विकत घेतली.

मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याने चर्चच्या पायरीवरून गरम बिबिंका घेतली, तांदळाच्या पिठाचा केक, केळीच्या पानात बांधलेला, आणि जीपनीत बसून ओगीचं मोलो गाठलं. काय बोलायचं ते त्याने जीपनीतच घोकलं. आधी पावती दाखवायची. मग म्हणायचं, पारे, झालं गेलं. पुन्हा पहिल्यापासून, दोघं. गिटारवाला दिसलाच तर त्यालाही एक तुकडा द्यायचा, पण कडेचा.

ओगीच्या घरातून लढाईचा आवाज येत होता. सरळ दार वाजवावं तर वेन्सी कसला. तो वाकून बाजूच्या बोळातून खिडकीकडे सरकला. बोळात ओगीच्या बायकोने चादरी वाळत घातल्या होत्या. एका चादरीमागून दुसरीमागे जाताना त्याचा पाय ओगीच्या कुत्र्यावर पडला. ते कुत्रं वेन्सीला अकरा वर्षं ओळखत होतं, पण चादर पांघरलेला वेन्सी त्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याने पँटचा घोटा धरला. वेन्सीने दोरी धरली. दोरी तुटली. दोन चादरी, चार उशांचे अभ्रे आणि ओगीची अंतर्वस्त्रं अंगावर घेऊन वेन्सी खिडकीतून अर्धा आत पडला. बिबिंकेचा हात तेवढा त्याने वर धरला होता.

“मार त्याला! नांगीवर मार, नांगीवर!” आत कुणीतरी ओरडत होतं. पडद्यावर खेकडा होता, त्यामुळे वेन्सीकडे आधी कुणी पाहिलंच नाही.

सोफ्यावर ओगी बसला होता. त्याच्या शेजारी, गुडघ्यावर उशी घेऊन, हाताच्या पट्टीसकट कंट्रोलर धरून नानाय कोरिंग.

खेकडा मेला. मग दोघांनी वळून पाहिलं.

“नोव्हेना,” वेन्सी चादरीतून म्हणाला.

“संपली ती केव्हाच,” नानाय म्हणाल्या. “आत ये. चादर सोड, ओली आहे.”

ओगीने टीव्हीचा आवाज कमी केला. मिशीवरून हात फिरवला. “कवळी दाखवायला आल्या होत्या इथे, पारे. म्हणजे तुझ्याकडे वेळ नाही म्हणून मला विचारायला, की तू कधी मोकळा असतोस. मी एकटाच बसलो होतो. लोहार नुसताच उभा होता. म्हणाल्या, हा का उभा आहे. मी म्हटलं, याचा माणूस यायचाय. त्या म्हणाल्या, तोवर मी धरते.”

“तोवर?” वेन्सीने पावती दाखवायला फोन काढला. “मी आज घेतला. साठ टक्क्यांनी. थांबला असतास, पारे. चारच महिने.”

“मी तीन महिने थांबलो.”

“किंमत उतरत नव्हती.”

“पारे,” ओगी त्याच अंगाईच्या सुरात म्हणाला, “तुला माझं खेळणं दिसतं ना, तसं मला तुझं घेणं दिसतं. दहा-दहाला अकरा. अकरा-अकराला सात. मी मोजत बसलो होतो. शेळ्यांच्या वर आणखी सात आले तेव्हा म्हटलं, हा काही येत नाही.”

वेन्सीने फोन खिशात ठेवला. बिबिंका टेबलावर ठेवली. पान सुटलं होतं, पण आतलं शाबूत होतं.

“पुन्हा पहिल्यापासून करू या,” तो म्हणाला. “दोघं.”

ओगीने उत्तर द्यायच्या आधी नानायकडे पाहिलं. वेन्सीला उत्तर तिथेच मिळालं.

“आज पूल आहे रे, तोतो,” नानाय म्हणाल्या. त्या नेहमी रागात बोलायच्या, आज रागात नव्हत्या. “बारा तास लागले मला इथवर यायला. अठ्ठावीस वेळा मेले. तुझ्या सासऱ्यांच्या माघारी इतकं कशासाठी झटले नाही.”

पडद्यावर झुलता पूल आला होता. खाली मिठाचा समुद्र. एका टोकाला चेटकीण, दुसऱ्या टोकाला लोखंडी दार. दार वर गेलं आणि लोहार बाहेर आला, दाढी छातीपर्यंत वाढलेली. त्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत नाव होतं: वेन्सी.

“सुरुवातीला मीच टाकलं होतं,” ओगी पडद्याकडे बघतच म्हणाला. “नंतर बदलता येत नाही.”

सोफा दोघांचाच होता. वेन्सी खाली लादीवर बसला, दोघांच्या पायांच्या मधल्या जागेत. कुत्रंही येऊन टेकलं. पँटचा फाटलेला घोटा त्याने हुंगून पाहिला आणि ओळख पटवून घेतली.

वारा सुटला, पूल हेलकावे खायला लागला. नानायनी पुढे झुकून ओरडायला तोंड उघडलं, तशी खालची कवळी उचलली. त्यांनी ती सरळ काढली आणि पडद्यावरची नजर न हलवता हात खाली केला.

“धर.”

वेन्सीने धरली. वर त्याच्या नावाचा माणूस एकेक फळी तपासत ओगीच्या दिशेने निघाला होता. वेन्सीने कवळी उजेडात तिरकी केली. डाव्या बाजूला, शेवटच्या दाढेखाली, घासून चकाकी आलेली एक जागा होती. उद्या तिथे थोडं तासावं लागेल. खूण राहावी म्हणून त्याने त्या जागेवर नखाने एक बारीक रेघ ओढली.