डबल स्टँडवर

"आता वाजव," गाडीवर बसल्या बसल्या शिवदास म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या लताने पान्याने पत्र्याचा डबा ठणकावला.

विक्रोळीतल्या त्याच्या गॅरेजची ही जुनीच परीक्षा होती. लांबच्या प्रवासाला निघणारे लोक क्रूझर मोटरसायकलच्या पुढच्या लेगगार्डवर पेग, म्हणजे पाय पसरून टेकवायचे छोटे दांडे, बसवून घ्यायला यायचे. पाय पुढे सोडले की आराम मिळतो, पण मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. म्हणून शिवदास गिऱ्हाइकाला डबल स्टँडवरच्या गाडीवर बसवी, पाय पसरायला लावी आणि मागून अचानक डबा वाजवी. आवाज विरायच्या आत पाय ब्रेकवर आला नाही, तर पेग काढून हातात. मग गिऱ्हाईक कितीही डोकं आपटो.

आज पेग त्याच्या स्वतःच्या गाडीला होते. उजवा गुडघा वर्षभर आखडला होता. अर्धा तास दुमडून बसलं की कळ मस्तकात जायची. पाय सरळ ठेवता आला, तर लताला मागे बसवून थेट वाशीमला, तिच्या माहेरी जाता येणार होतं. लग्नानंतर दिलेला शब्द होता तो. लोकांच्या गाड्या दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली आणि तो तसाच राहिला. लताने कालच पिशवी भरून ठेवली होती.

पहिल्या वेळी पाय वेळेत पोचला. दुसऱ्या वेळीही. लताचा चेहरा खुलला, आणि तिथेच शिवदासला शंका आली. वाजवण्याआधी ती पाना चांगला डोक्यापर्यंत उचलत होती आणि तो त्याला आरशात दिसत होता. हे तिने मुद्दामच केलं असणार. तिला रागवावं की जवळ घ्यावं, त्याला कळेना.

त्याने दोन्ही आरसे फिरवले.

"अहो, झालं ना दोनदा."

"अजून एकदा. नीट वाजव."

डबा वाजला. गुडघा हलला, मध्येच अडला. आवाज पार विरला, तेव्हा कुठे बूट ब्रेकवर टेकला.

शिवदासला फार वाईट वाटलं. किती धडधाकट माणसांना त्याने याच जागेवरून परत पाठवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे त्याला जमणारं नव्हतं. शिवाय मागे लता बसणार होती. तो खाली उतरला आणि पेगचे क्लॅम्प सोडवायला पाना मागू लागला. लताने तो दिला नाही. एसटीने जाऊ, म्हणाली.

"पेग काढू दे मग. गाडी आता कुठे जात नाही."

"जात नाही ना? मग ब्रेक कशाला लागतोय? राहू द्या ते."

तिने समोरच्या टपरीवरून दोन कटिंग आणले. शिवदास पुन्हा गाडीवर बसला, दोन्ही पाय पुढे सोडले. खरंच आराम होता. पदर खोचून लता मागे बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चहा अर्धा झाल्यावर त्याने डावा आरसा पुन्हा फिरवला, तिचा चेहरा दिसेल इतका.