काळं तेल

रहमत मिस्त्रीचं दुकान घाटंजीच्या यवतमाळ नाक्यावर होतं. एकसष्टच्या मार्चमधल्या एका दुपारी किसनराव पाटलांची गाडी त्याच्या दारात येऊन थांबली आणि मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. इंजिनातून खडखड ऐकू येत होती.

मागच्या सीटवर किसनरावांची बायको मैनाबाई पोट धरून आडवी पडली होती. तिचं डोकं सासूच्या, तानाबाईच्या मांडीवर होतं.

"डॉक्टर म्हणे आतडीले सूज हाय, यवतमाळले न्या, आजच पोट चिरा लागन," किसनराव उतरता उतरता म्हणाले. "तेलाचा काटा खाली जाऊन राह्यला. एक डबा वरून टाक, आमाले जाऊ दे."

रहमतने इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढली. फडक्यावर पुसली तर डांबरासारखा काळा, खरखरीत डाग उमटला. त्याने तो बोटांनी चोळून पाहिला, हुंगला. जळका वास होता.

"भाऊ, हे तेल कधी बदललं?"

"बदलाले काय झालं? कमी झालं का टाकतोच ना मी."

"दोन वर्षं?"

किसनरावांची गाडी कपाशीच्या वावरांतून, बैलगाडीच्या वाटांवरून फिरायची, आणि ती धूळ कुठे जात असेल याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

"वरून टाकून भागणार नाही," रहमत म्हणाला. "पुढे चढाव हाय. बेरिंग जाम झालं तर गाडी जंगलात उभी राहीन. मंग बाईले काय खांद्यावर नेसान? अर्धा घंटा द्या मले."

"अर्धा घंटा?" किसनरावांचा आवाज चढला. "थे तडफडून राह्यली, दिसत नाही तुले?"

रहमतला दिसत होतं. मैनाबाईचे ओठ पांढरे पडले होते. दुसरी गाडी म्हणावी तर बस सुटून तास झाला होता आणि पुढची संध्याकाळची होती. त्याने आणखी वाद घातला नाही. तो गाडीखाली सरकला आणि त्याने इंजिनाच्या तळाचा नट फिरवला.

इंजिन तापलेलं होतं म्हणून तेल भराभर आलं. तरी शेवटचा थेंब यायला जीव नकोसा करणारा वेळ लागत होता. वरून मैनाबाईचं कण्हणं ऐकू येत होतं. किसनराव रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते, दर मिनिटाला वाकून विचारत होते, "झालं काय?" गरम तेलाने रहमतचं मनगट भाजलं. आतला गाळ धुवायला त्याने थोडं नवं तेल ओतलं, इंजिन क्षणभर फिरवलं, तेही काळं होऊन बाहेर आलं. मग त्याने नट आवळला आणि नव्या तेलाचे डबे आत रिकामे केले.

मनात एकच धास्ती होती. जुना गाळ सुटून तेल ओढणाऱ्या आतल्या जाळीत अडकला तर नव्या तेलाचाही उपयोग नव्हता. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. हात पुसून तो पुढच्या सीटवर बसला.

"मी येतो संग. हळू चालवा."

"हळू?"

"हळू, भाऊ."

वाटेत रहमतची नजर तेलाच्या काट्यावरून हलत नव्हती. सपाटीवर काटा बरा होता. चढावर तो थरथरत खाली आला, तशी त्याने गाडी थांबवायला लावली. दहा मिनिटं इंजिन निवू दिलं. त्या दहा मिनिटांत तानाबाई एकदाच म्हणाली, "सुनेले काही झालं तर तुह्या हातानं झालं, मिस्त्री." रहमतने काटा पाहून गाडी सुरू करायला सांगितली.

दिवस असतानाच ते यवतमाळच्या दवाखान्यात पोचले. मैनाबाईला लगेच आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचल्या, पण अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.

ते ऐकून किसनरावांनी रहमतकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ त्याला लागला नाही. बसने परतताना तो सारखा हिशेब मांडत राहिला: अर्धा तास, वर दहा मिनिटं. तेल बदललं नसतं तर गाडी पोचली असती काय? झोपेतही त्याला काटा दिसायचा. कधी वाटे, आपण बरोबर केलं. कधी वाटे, आपण दुसऱ्याच्या जिवावर पैज लावली.

दीड महिन्याने मैनाबाई स्वतः दुकानात आली. किसनराव गाडीतच बसून राहिले.

"रहमतभाऊ, त्या दिवशी आपण थांबलो नसतो तर गाडी बंद पडली असती?"

"सांगता येत नाही, बाई," तो म्हणाला. "पडली असती असं मले वाटलं. खातरी नव्हती."

ती म्हणाली, "मले त्या दुखण्यात तुमचा लई राग आला होता. आता नाही." मग तिने गाडीकडे बोट दाखवलं. "तेल संपलं नसतानाही बदलावं कायले लागते, थे सांगा."

"तेल सरत नाही, मळते. धूळ, जळकी राख, लोखंडाचा चुरा, सारं थेच पोटात घेते. एक हद्द असते. तिच्यापुढं थे इंजिनले सांभाळत नाही, घासते. चांगल्या सडकेवर हजार मैल, तुमच्या धुळीत त्याच्या अर्धे."

"मले पट्टी पाहाले शिकवा."

रहमतने इंजिनाचं झाकण उघडलं. मैनाबाईने पदर खोचला, पट्टी ओढून काढली आणि तेलाचा थेंब उन्हात धरून बराच वेळ पाहिला. गाडीतून किसनराव उतरले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.