दोनशे आज्या आणि एक सासूबाई

झाकण म्हणजे काय साधीसुधी गोष्ट वाटली? बाटलीचा अर्धा जीव झाकणात असतो, असं आमचे जावईबापू कुणालाही, कुणी न विचारता सांगत. औषधांच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात ते झाकणांची रचना करत. पोरांना उघडता येऊ नये आणि म्हाताऱ्यांना सहज उघडता यावं, असं नवं झाकण त्यांनी घडवलं होतं. आधी दाबायचं, मग दाबून धरूनच फिरवायचं. सोमवारी साहेबांनी होकार दिला की लाखोंनी झाकणं पाडायचा साचा कापायला जाणार होता. जावईबापूंची बढतीही त्याच झाकणाखाली बंद होती.

साहेबांचं म्हणणं एकच, म्हाताऱ्या माणसांकडून तपासून घ्या. आता म्हातारी माणसं गोळा करायची म्हणजे खुर्च्या आल्या, चहा आला, त्यांच्या गुडघ्यांच्या कहाण्या आल्या. त्यापेक्षा जावईबापूंनी एआयला सांगितलं, तू सत्तरीची आजी हो आणि माझं झाकण उघडून बघ. संधिवाताची आजी, चष्मा हरवलेली आजी, तापट आजी, अशा दोनशे आज्या त्यांनी एका दुपारात उभ्या केल्या. एकजात सगळ्यांनी झाकण उघडलं आणि वर आशीर्वादही दिले. अहो, ज्यांना हातच नाहीत त्यांची बोटं दुखतील कशी? पण यांना सांगणार कोण!

शिवाय घरचा पुरावा होताच. त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी नमुन्याच्या बाटलीत भरून दिल्या होत्या. झाकण कसं आहे, असं ते रोज विचारत आणि सासूबाई रोज म्हणत, छान आहे हो.

अशात सासूबाईंना चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि गोळ्या चालू आहेत ना, असं विचारलं. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत जावईबापूच हो म्हणाले. घरी येऊन त्यांनी मिठाची बरणी माळ्यावर टाकली. सगळं घर अळणी जेवू लागलं. बायको म्हणाली, एक झाकण स्वतःच्या डोक्यालाही बसवून घ्या. रक्तदाब मात्र तसूभरही उतरला नाही.

शेवटी त्यांनी एआयलाच विचारलं, गोळ्या घेऊनही सासूबाईंचा रक्तदाब का उतरत नाही, आणि या वेळी आजी होऊ नकोस असंही बजावलं. त्याने उलट प्रश्न केला, "त्या गोळ्या घेतात हे तुम्हाला कशावरून कळलं?"

जावईबापूंनी लिहिलं की झाकणाबद्दल त्यांची तक्रार नाही.

"त्यावरून त्यांनी तक्रार केली नाही, एवढंच कळतं. बाटलीत पाहिलंत का?"

मोठा आला शहाणा, असं पुटपुटत ते सासूबाईंच्या खोलीत गेले. बाटली उशाशी होती. उचलली तर चांगली जड लागली. गळ्यापर्यंत गोळ्या तशाच होत्या आणि झाकणाच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. जावईबापू पलंगाच्या कडेला बसले आणि बाटली सासूबाईंच्या हातात देऊन, जरा उघडून दाखवता का, म्हणाले.

सासूबाईंनी झाकण दाबलं. फिरवायला गेल्या तर अंगठा थरथरला, दाब सुटला आणि झाकण कटकट करत जागच्या जागी फिरलं. टॉवेलने धरून पाहिलं, तरी तेच. मग त्या ओशाळून हसल्या.

"उद्या जमेल हो. आज हात जरा ओले होते."

"आई, मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही रोज इतक्या हौसेने विचारता, जावईबापू. कुठल्या तोंडाने सांगू?"

जावईबापूंना भडभडून आलं. आपण रोज विचारत होतो ते झाकणाची चौकशी म्हणून नव्हे, कौतुक ऐकायला, हे त्यांना कळलं आणि स्वतःची लाज वाटली. त्यांनी झाकण उघडून सासूबाईंना गोळी दिली, पाणी दिलं, आणि तिथूनच साहेबांना फोन लावला.

साहेब वैतागले. दोनशे आज्यांचा अहवाल समोर पडलाय, सगळ्या पसंत म्हणतायत, आता ऐन वेळी हे काय खूळ काढलंत, असं बरंच बोलले. बढतीचीही आठवण करून दिली.

"साहेब, त्या दोनशे जणींपैकी एकीचाही रक्तदाब वाढलेला नाही," जावईबापू म्हणाले. "आमच्या आईंचा वाढलाय. साचा थांबवा."